ताडी, मीठ आणि नानीचं सांदण

माझी एक भाची कामानिमित्त फ्रान्सला असते. ब्रिटनी नावाचा तिथला समुद्रकाठचा मुलूख आहे, त्या बाजूला. मागच्या पावसाळ्यात ती कल्याणला आली, तेव्हा तिनं माझ्यासाठी मिठाची एक पिशवी आणली. आता मीठ काय कुणी विमानातून आणतं? पण त्या पिशवीवर गावाचं नाव छापलेलं होतं, गेरांद. तिथली मिठागरं फार जुनी आहेत, अजून माणसं हातानं मीठ ओढतात आणि फ्रेंच माणूस त्या मिठाचं नाव अभिमानानं घेतो. तिकडं कुट्टूच्या पिठाची मोठी घावनं करतात, त्यांना गालेत म्हणतात. सोबत सफरचंदाच्या रसाची आंबवलेली सिद्र पितात. ती जिथं राहते त्या घरच्या म्हातारबाईंनी हे सगळं तिला हौसेनं दाखवलं आणि शेवटी विचारलं, "तुमच्या किनाऱ्यावर काय खातात गं?"

भाचीनं तोच प्रश्न माझ्यापुढं ठेवला. "खाला, मी परत जाताना आपल्याकडचं काय नेऊ? जे फक्त आपल्या ठाणे-कल्याणचं आहे असं?"

मी कविता लिहिणारी बाई. बी.ए.ला इतिहास होता, तेवढीच माझी पुंजी. पण प्रश्न साधा वाटला म्हणून मी पटकन उत्तर दिलं, "मिसळ." ठाण्याची मामलेदार मिसळ कोणाला माहीत नाही? मग आठवला ठाणे स्टेशनाजवळचा कुंजविहारचा वडापाव. भाची हसली. म्हणाली, "खाला, यातली मिरची कुठली? बटाटा कुठला? पाव कुठला?"

पोरगी बरोबर बोलत होती. मिरची आणि बटाटा अमेरिका खंडातून आले. पाव हा शब्दच पोर्तुगीज. बटाटा, पपई, अननस, काजू ही नावंही आपण त्यांच्याकडूनच घेतली. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. तेव्हापासून १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेईपर्यंत, म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षं, साष्टीवर त्यांचा अंमल होता. मिसळीच्या तर्रीत आणि वडापावात ती दोनशे वर्षं मुरलेली आहेत. पुढं १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी आली, १८५४ मध्ये ती कल्याणला पोचली आणि स्टेशनाबाहेर उभ्यानं खायची सवय आपल्याला लागली. तेव्हा मिसळ आणि वडापाव आपलेच, पण ते वरच्या थरातले. भाचीला हवं होतं ते त्याच्या खालचं.

मग आम्ही दोघी खाली खाली उकरत गेलो.

कल्याण हे बंदर होतं, हे आता पत्रीपुलावरच्या गर्दीत अडकलेल्या माणसाला सांगून खरं वाटत नाही. पण पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशानं लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये कल्याणचं नाव आहे. पूर्वी हे खुलं बंदर होतं, पण आता इथं चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेतात, अशी तक्रार त्यानं केली आहे. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत, त्यांत कल्याणचे रहिवासी आहेत. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या प्रवाशानं कल्याणला इराणहून नेमलेला ख्रिस्ती बिशप असल्याचं लिहून ठेवलं. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अल् मसूदी चौलला आला, तेव्हा त्याला तिथं हजारो मुसलमान नांदताना दिसले. आमच्यासारख्या कोकणी मुसलमानांची मुळं त्या अरबी गलबतांत आणि इथल्या मातीत अशी दोन्हीकडं रुजलेली आहेत. भाषा मात्र इथलीच. नानी नमाजाची दुआ अरबीत म्हणायची आणि विळीवर बोट कापलं की कोकणीत ओरडायची.

आणि आता फ्रान्सचा धागा बघा. १३२१ मध्ये ठाण्याला एक धर्मोपदेशक आला होता, जोर्दानुस त्याचं नाव. तो दक्षिण फ्रान्समधल्या सेवेराकचा असं मानतात. त्याच्याबरोबरचे चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात धर्माच्या वादातून मारले गेले. जोर्दानुस त्या वेळी ठाण्यात नव्हता. परत आल्यावर त्यानं सोबत्यांची प्रेतं नेऊन सोपाऱ्याला पुरली. ज्या मुलखात आपले सोबती मारले गेले, त्याच्याविषयी माणूस काय लिहील? या माणसानं पुढं हिंदुस्थानातल्या नवलाईंवर एक पुस्तक लिहिलं आणि त्यात फणसाचं कौतुक केलं. एक फळ पाच माणसांना पुरेल, असं तो म्हणतो. आंबा वर्णिला, नारळ वर्णिला आणि झाडाला छेद देऊन गोड पांढरा रस कसा काढतात तेही लिहून ठेवलं.

तो रस म्हणजे आपली माडी आणि ताडी. माझ्या नानीच्या सांदणाची सुरुवात तिथून होते.

शहरातल्या नव्या मंडळींसाठी थोडं सांगते. नारळाच्या झाडाची ती माडी, ताडाची ती ताडी आणि खजुरीच्या रानझाडाची ती शिंदी. ठाण्यापासून वसई-डहाणूपर्यंत ताड आणि शिंदी उदंड. हे काम पिढ्यान् पिढ्या भंडाऱ्यांचं. न उमललेला फुलोरा बांधायचा, हलक्या हातानं ठोकायचा, टोक कापायचं आणि मडकं लावायचं. रात्रभर थेंब थेंब रस साठतो. तांबडं फुटायच्या आत उतरवला तर ती नीरा, साखरेसारखी गोड. ऊन वर आलं की हवेतलं आणि मडक्यातलं किण्व कामाला लागतं, फेस येतो, रस आंबूस होतो आणि चढू लागतो. आणखी ठेवला तर त्याचा शिरका होतो. एकाच मडक्यात सकाळी सरबत, दुपारी दारू आणि काही दिवसांनी लोणच्याचा आंबटपणा.

स्वयंपाकघराला त्यातलं हवं होतं ते किण्व. खमिराच्या पुड्या मिळत नव्हत्या तेव्हा पीठ फुगवायचं कशानं? गोव्यात पोर्तुगीजांचा पाव फुगला तो ताडामाडाच्या रसावर. आणि आमचं सांदण फुगायचं तेही त्याच्यावरच.

नानी कल्याणच्या दूधनाक्याजवळ राहायची. तांदूळ रात्री भिजत घालायची, सकाळी पाट्यावर गंधासारखे वाटायची. त्यात नारळाचा दाट रस, थोडी साखर, चिमूटभर मीठ आणि वाटीभर ताडी. भांडं फडक्यानं बांधून चुलीच्या उबेला ठेवायचं. दुपारपर्यंत पीठ असं वर यायचं की फडकं टोपीसारखं उचललं जायचं. मग छोट्या वाट्यांत ओतून वाफवायचं. पांढरंशुभ्र, जाळीदार, किंचित आंबूस. ईदला ते मटणाच्या रश्शाबरोबर, नाहीतर नुसतं नारळाच्या गोड रसात बुडवून.

मी लहानपणी समजत होते की सांदण आमचंच. कॉलेजात गेल्यावर एक मैत्रीण झाली, ठाण्याच्या मासुंदा तलावाजवळ राहणारी ईस्ट इंडियन ख्रिश्चन मुलगी. नाताळात तिच्या घरी गेले. मावशींनी ताटलीत तेच पांढरं जाळीदार प्रकरण वाढलं. मी म्हटलं, "हे तर सांदण." मावशी म्हणाल्या, "सांदनां! तुला कशी ठावी?" त्यांच्याकडंही ताडीच. त्यांचे तळलेले फुगेही ताडीवरच फुगायचे. ही मंडळी साष्टी-वसईची मूळची, घरात मराठीच बोलणारी. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली त्या सुमाराला त्यांनी ईस्ट इंडियन हे नाव घेतलं. उन्हाळ्यात मसाले भाजून कुटून बाटल्यांत ठासून भरायचे, म्हणून त्यांचा तो बॉटल मसाला. हीच ताडीवर फुगलेली वाफवलेली भाकर पुढं गोव्यात गेलं की सान्नां होते. आणि रत्नागिरीकडच्या शेजारीणबाईंचं सांदण? ते फणसाच्या रसाचं, तांदळाच्या कण्यांचं, पिवळंधमक. ताडीचा थेंब नाही. नाव तेच, अंग वेगळं.

असंच मलिद्याचं. आमच्याकडं फातेहाला मलिदा होतो, भाकरी कुस्करून त्यात गूळ-तूप घालून. ठाण्यात बेने इस्राएल लोकांचं सभास्थान आहे, १८७९ चं. त्यांच्याकडंही मलिदा असतो, पण पोह्यांचा, त्यात खोबरं, साखर आणि फळं. एलियाहू पैगंबराच्या नावानं तो करतात. मलिदा हा फारसी शब्द, अर्थ चोळलेलं, कुस्करलेलं. शब्द एक, दुआ वेगळ्या. त्यांच्या धर्मात मांस आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणून त्यांनी मटणाला नारळाचा रस लावला. धर्माचा नियम पाळायला कोकणचा माड मदतीला आला.

पण नुसत्या गोडाधोडावर किनारा जगत नाही. त्याला मीठ लागतं. आगर म्हणजे मिठाचं आणि भाताचंही, त्यावरून आगरी. खाडीकाठची खाजणं बांध घालून शेतीखाली आणायची, त्यात खारं पाणी सोसणारा राता नावाचा तांबडा भात लावायचा आणि जिथं भात होत नाही तिथं मीठ पिकवायचं, ही विद्या या लोकांची. त्याच भाताची भाकरी, वालाचं बिरडं आणि लग्नात मटणाबरोबर तांदळाचे वडे. चेंदणीच्या कोळीवाड्यात जाळ्यातून काय यायचं? कोळंबी, चिंबोऱ्या, बोय, चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या. आणि पावसाळ्याची बेगमी म्हणून सुकट, जवळा, वलांडीवर वाळवलेले बोंबील. बोंबलात पाणी फार, म्हणून ताजा दिवसभरही टिकत नाही. उन्हानं ते पाणी ओढून घेतलं की तोच वर्षभर टिकतो. नारळीपौर्णिमेपर्यंत होडी समुद्रात जात नाही, तोवर घर चालतं ते या वाळवणावर. आमच्या नानीकडं मे महिन्यात ठरलेली कोळीण यायची. नानी तिला तांदूळ द्यायची, ती सुकट द्यायची. दोघींत पैशाची भाषा फार कमी होती, भांडणाची पुष्कळ.

आता ज्याच्यासाठी हे सगळं सांगते आहे, तिकडं येते.

सांदणातली ताडी गेली कशी?

पहिला घाव इंग्रजांच्या महसुलाचा. १८७८ मध्ये मुंबई अबकारी कायदा आला. झाड छेदायचं तर परवाना आणि झाडामागे कर. सरकारला ताडीपेक्षा ठेक्याच्या भट्टीतली दारू विकण्यात पैसा दिसत होता. भंडाऱ्यांनी तक्रारी केल्या, अर्ज केले. १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा कायदा आला. रानातलं फूल वेचून घरात ठेवणं हा आदिवासींसाठी गुन्हा ठरला. दुसरा घाव स्वराज्यातला, १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. हेतू चांगला होता, दारूनं किती घरं बसली हे बायकांना सांगायला नको. पण त्या वेळी ताडी म्हणजे फक्त गुत्ता नव्हता, ती सांदणाची वाटीही होती. नानी सांगायची की त्या दिवसांत तिचं नवं लग्न झालेलं. ओळखीचा एक भंडारी दुधाच्या बरणीत लपवून वाटीभर ताडी आणून द्यायचा. "आम्ही मुसलमान, तो हिंदू, आणि चोरी कशाची? सांदणाची!" असं म्हणून ती हसायची. पुढं कायदा सैल झाला आणि ताडी पुन्हा उघडपणे मिळू लागली.

तिसरा घाव घरातला. ऐंशीच्या दशकात आमच्या नात्यातले एक गृहस्थ आखातातून परत आले. ईदच्या दिवशी ताटात सांदण बघून त्यांनी विचारलं, "यात काय घातलं आहे?" नानीनं खरं सांगितलं. त्यांनी ताट बाजूला सारलं. म्हणाले, नशा आणणारी वस्तू थोडीही हराम, मग ती पिठात असो की पेल्यात. नानी म्हणाली, "वाफेत नशा कुठं राहते? आणि आमच्या सात पिढ्यांनी खाल्लं, ते काय मुसलमान नव्हते?" आवाज चढले. मी पंधरा-सोळा वर्षांची, दाराआड उभी. मला नानीची बाजू खरी वाटत होती, पण त्या गृहस्थांच्या डोळ्यांतलं दुःखही खोटं नव्हतं. त्यांना खरोखर वाटत होतं की आपलं घर चुकतं आहे. त्या ईदला कोणीच पोटभर जेवलं नाही.

वर्षानुवर्षं मी ही गोष्ट अशी सांगत आले की धर्मानं आमचं सांदण मारलं. काव्यसंमेलनांत सांगितली, लोक मान डोलवायचे. ही कथा मलाही आवडायची, कारण तिच्यात मी शहाणी ठरत होते.

पण भाचीशी बोलताना मी वर्षं जुळवू लागले आणि माझं मलाच खोटं सापडलं. त्या भांडणानंतरही नानीनं दोन ईदा ताडीचंच सांदण केलं. ते गृहस्थ आले की त्यांच्यासाठी वेगळं, नारळाचं पाणी साखर घालून रात्रभर आंबवून त्यात केलेलं. एका पातेल्याची दोन पातेली झाली, एवढंच. भांडण मिटलं नाही, पण घर त्याला पुरून उरलं. सांदण थांबलं ते तिसऱ्या वर्षी. खाडीच्या बाजूला ताडांची रांग होती, ती तोडली गेली आणि तिथं इमारती आल्या. भंडाऱ्याच्या पोरानं रिक्षा घेतली. ताडी घेऊन येणारं कोणी राहिलं नाही. पुढं सगळ्यांचंच सांदण दुकानातल्या खमिरावर आलं, ज्यांचा आक्षेप होता त्यांचंही आणि ज्यांचा नव्हता त्यांचंही.

म्हणजे आम्ही ताटावर हराम-हलाल वाद घालत होतो तेव्हा झाडाखालची जमीन विकली जात होती. हे मला आज जास्त महत्त्वाचं वाटतं. कोळ्याचा मासा धर्मानं नेला नाही, खाडीत सोडलेल्या सांडपाण्यानं नेला. आगऱ्याचं खाजण भरावानं नेलं. आम्ही मात्र पदार्थ कोणाचा यावर भांडायला मोकळे.

सगळंच गेलं असंही नाही. ठाण्याच्या खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून आणि २०२२ मध्ये रामसर यादीत पाणथळ जागा म्हणून मान मिळाला. वाड्याच्या कोलम तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तो तालुका आता पालघर जिल्ह्यात असला, तरी २०१४ पर्यंत तो आमच्याच ठाण्याचा होता. डोंबिवलीत आगरी महोत्सवात बायका तांदळाच्या भाकऱ्या थापतात आणि लोक रांगा लावतात. २०१७ चं नव्वदावं मराठी साहित्य संमेलन डोंबिवलीत भरलं, तेही आगरी युथ फोरमच्या यजमानपदाखाली. पण तांदळावर गावाचं नाव लागलं म्हणजे आंबवणही परत आलं असं होत नाही. आंबवणाला झाड लागतं, झाडावर चढणारा लागतो आणि पहाटे त्याला दार उघडणारं घर लागतं.

भाचीनं शेवटी काय नेलं? दोन किलो वाड्याचा कोलम आणि माझ्या हातानं लिहिलेली सांदणाची कृती. कृतीत मी ताडीच्या जागी ताडीच लिहिली. म्हटलं, कागदावर तरी राहू दे.

महिन्याभरानं तिचा फोन आला. त्या म्हातारबाईंनी कृती समजावून घेतली होती. ताडी म्हणजे काय हे कळल्यावर त्या तळघरात गेल्या आणि शेतावरची, फेसाळती, न गाळलेली सिद्र घेऊन आल्या. "हिच्यानं फुगेल," म्हणाल्या. त्यांच्या आजीचं पीठही तिच्यानंच फुगायचं म्हणे. भाची पातेल्यासमोर उभी राहून मला फोन करत होती. आवाज थोडा कापरा होता. "खाला, घालू का? नानी असती तर काय म्हणाली असती?"

मी घटकाभर गप्प राहिले. दाराआडची ती पंधरा वर्षांची मुलगी मला आठवली, ते सारलेलं ताट आठवलं. तिच्या वतीनं उत्तर देणं मला जमेना. मी म्हटलं, "दोन पातेली कर. एकात त्यांची सिद्र, एकात साधं खमीर. कुठलं खायचं ते तू ठरव. आणि नानी असती ना, तर तिनं पहिल्यांदा एवढंच विचारलं असतं, फडकं वर आलं का?"

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)